चौदावी चाल

कल्याणला पारनाक्याजवळ राहणारे त्र्यंबकराव टिपणीस ठाण्याच्या कोर्टात नकला करण्याच्या खात्यात होते. अक्षर वळणदार, स्वभाव कडक, आणि शौक म्हणाल तर एकच, बुद्धिबळाचा. वडिलांनी शिकवलेल्या देशी पद्धतीने ते खेळत. प्यादं एकेक घर सरकायचं, घाई करायची नाही, मोहरा फुकट द्यायचा नाही. त्यांच्याशी खेळायला बसलेला माणूस कंटाळून हरतो असं शेजारपाजारचे गमतीने म्हणत, आणि त्र्यंबकरावांना त्यात काही वावगं वाटत नसे.

त्यांनी मुलाला, आनंदला, सातव्या वर्षी पटासमोर बसवला. आनंद वाढला तसा त्याचा खेळही वाढला, पण वेगळ्याच बाजूने. कॉलेजात गेल्यावर तो विलायती नियमांनी खेळायला लागला. राजाला किल्लेकोटात बसवायचं, प्यादी पहिल्याच चालीला दोन घरं पुढे टाकायची, आणि भराभर मोहरे बाहेर काढायचे. त्र्यंबकरावांनी कुरकुर केली, मग तेही नियम शिकले. मुलाशी खेळायचं तर दुसरा इलाज नव्हता.

बावन्न सालच्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका वाचनालयाने हौशी खेळाडूंची स्पर्धा ठेवली. आनंद तेव्हा वीस वर्षांचा होता. पहिले दोन डाव तो जिंकला. तिसऱ्या डावाला रविवार होता म्हणून त्र्यंबकरावही बघायला गेले आणि त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले. समोर बाळकुमचा कोणी गुणाजी भोईर होता, छापखान्यात खिळे जुळवणारा, बोटं शाईने काळी झालेली.

बाराव्या चालीला आनंदने उंट उचलला आणि गुणाजीच्या राजाच्या कोपऱ्यातलं प्यादं मारून तिथेच ठेवला. शह. उंटाला कोणाचा जोर नव्हता. राजा तो सरळ खाणार हे कोणालाही दिसत होतं. एका प्याद्यासाठी अख्खा उंट. त्र्यंबकरावांच्या तोंडून आपसूक "च्च" असा आवाज निघाला. मोठा नव्हता, पण खोलीत कोणी बोलत नव्हतं.

गुणाजीने उंट खाल्ला. आनंदने घोड्याने शह दिला. राजा परत आपल्या घरी गेला. मग आनंद बराच वेळ बसून राहिला, आणि चौदाव्या चालीला त्याने घोडा मागे घेतला. त्यानंतर डावात काही राहिलं नाही. एक मोहरा कमी घेऊन तो आणखी वीस-बावीस चाली लढला आणि हरला. त्र्यंबकराव शेवटपर्यंत थांबले नाहीत. मुलाला काही न बोलता ते स्टेशनवर गेले आणि एकटेच घरी आले.

आनंद तासाभराने आला. तो पायरीवर वहाणा काढत होता तेवढ्यात त्र्यंबकरावांनी सुरुवात केली. उंट कशाला दिलास, डोळे कुठे होते, तेरा वर्षं शिकवलं ते हेच का, तुला विचार करायचाच कंटाळा आहे, म्हणून परीक्षेतही मागे पडतोस, असं बरंच बोलले. आनंदने मान खाली घालून ऐकलं. पाय धुऊन आत गेला. त्या दिवसापासून त्र्यंबकरावांनी पट काढला नाही. दोघांचं बोलणं होई ते पाणी तापलं का, वर्तमानपत्र कुठे आहे, एवढंच. आठव्या दिवशी आनंदला ताप भरला. डॉक्टर आधी साधा ताप म्हणाले, मग मेंदूत गेलाय म्हणाले. अकराव्या दिवशी तो गेला. शेवटचे दोन दिवस त्याला माणसं ओळखू येत नव्हती.

लोक म्हणाले, त्र्यंबकराव धीराचे. चौदावा होताच ते कचेरीत रुजू झाले. नकला बरोबर उतरत होत्या, खाडाखोड नव्हती. घरी बायको सुमतीबाई रडत, धाकटी मुलगी उत्तरा रडे, आणि त्र्यंबकराव जवळ बसून राहत. तो धीर नव्हता हे त्यांचं त्यांना माहीत होतं. बसून बसून पाय बधिर झाला तर निदान नंतर मुंग्या येतात. त्यांना मुंग्यासुद्धा येत नव्हत्या. कोणी आनंदचं नाव काढलं की त्यांना त्या खोलीतला स्वतःचा "च्च" ऐकू यायचा, आणि पुढे काहीच व्हायचं नाही. हा आवाज त्यांनी कोणालाच सांगितलेला नव्हता. हळूहळू घरात ते नाव निघेनासंच झालं. अशी साडेतीन वर्षं गेली.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर सुमतीबाईंनी आनंदची कॉलेजची पुस्तकं ओळखीच्या एका मुलीला द्यायची ठरवली. ट्रंक उघडायचं काम उत्तराकडे आलं. उत्तरा तेव्हा वीस वर्षांची, कल्याणच्याच प्राथमिक शाळेत शिकवायची. पुस्तकांच्या मध्ये तिला एक पातळ वही सापडली. विलायती नियमांच्या स्पर्धेत ज्याने त्याने आपल्या चाली लिहून ठेवायच्या असत, त्या आनंदने या वहीत लिहिल्या होत्या. शेवटच्या लिहिलेल्या पानावर नाव होतं, गुणाजी भोईर, बाळकुम.

उत्तराला खेळ येत होता. आनंदला दुपारी सरावाला कोणीतरी हवं असायचं आणि वडील, म्हणजे नाना, कचेरीत असत, म्हणून त्याने तिला शिकवलं होतं. त्र्यंबकरावांना याचा पत्ता नव्हता. त्या रविवारी ते जेवून पडले होते. उठून बाहेर आले तर माजघरात पट मांडलेला, आणि उत्तरा एका हातात वही धरून दुसऱ्या हाताने मोहरे हलवत होती. तिने वर पाहिलं. त्र्यंबकरावांना वाटलं, आपल्याला राग येईल. आला नाही. ते समोर बसले.

"हे बघा ना नाना," उत्तरा म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात दादाने उंट फुकट घालवला. मला तसं वाटत नाही. उंट दिला, राजा बाहेर आला, घोड्याचा शह बसला. इथे घोडा मागे घेण्याऐवजी वजीर बाहेर काढला असता तर?"

तिने वजीर पटाच्या कडेला नेऊन ठेवला. पुढच्या चालीला मात होणार होती, राजाशेजारच्या मोकळ्या घरात वजीर बसला की संपलं. त्र्यंबकरावांनी गुणाजीच्या बाजूचा हत्ती एक घर सरकवला. आता राजाला पळायला वाट झाली. उत्तराने वजिराचा शह दिला, राजा सरकला. पुन्हा शह, राजा आणखी बाहेर आला. तिने वजिराने एक प्यादं खाल्लं, पण तो शह बसला नाही, कारण मध्ये तिसरंच प्यादं उभं होतं. राजा निसटला.

तिने पुन्हा मांडलं, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही राजा निसटला. संध्याकाळ झाली तशी तिने वही मिटली.

"म्हणजे तुमचंच बरोबर," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटेल म्हणून त्र्यंबकराव वाट पाहत बसले. मुलगा खरोखर चुकला होता, आपण बोललो ते कडक असेल पण खोटं नव्हतं, एवढं जरी पटलं तरी चाललं असतं. पटत होतं. पण त्याने काही फरक पडत नव्हता. त्यांनी मोहरे डब्यात भरले आणि फिरायला निघून गेले.

मंगळवारी कचेरीत ते एका जमिनीच्या दाव्याच्या निकालाची नकल मूळ कागदाशी ताडून पाहत होते. कारकून मूळ वाचत होता, ते नकलेवर बोट फिरवत होते. एका ओळीत एक शब्द सुटला होता. फक्त "प्रथम". प्रथम अमुक करावे आणि मग तमुक. त्यांनी तो शब्द वर काकपद करून घातला, आणि कारकून पुढे वाचायला लागला तरी त्यांचं बोट तिथेच राहिलं.

मध्ये उभं असलेलं ते प्यादं. राजाच्या बाजूच्या उंटाचं प्यादं. आधी तेच खायचं. वजिराने खायचं, शहासकट. घोड्याचा जोर आहे, राजाला वजीर मारता येत नाही, त्याला कोपऱ्यात जावंच लागतं. मग वजीर परत कडेला, पुन्हा शह, राजा परत घरी. आणि मग उत्तराच्याच चाली. शह, शह, आणि शेवटच्या वेळी वजीर दुसरं प्यादं खाईल तेव्हा मध्ये अडवायला कोणी उरलेलं नसेल.

त्यांनी टेबलावर बोटानेच पट आखला आणि तीनदा तपासलं. घोडा मागे न घेता वजीर बाहेर काढला असता तर तिथून सहाव्या चालीला मात होती. गुणाजीने मध्ये दुसरं काही केलं असतं तर ती आणखी लवकर झाली असती.

हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. उत्तराने डाव सोडून दिला होता, वही पुन्हा ट्रंकेत जाणार होती. ते गप्प राहिले असते तर घरात त्यांचंच म्हणणं खरं म्हणून राहिलं असतं. असा विचार त्यांच्या मनात आला हे खरं. कचेरी सुटेपर्यंत तो होता, आणि गाडीतही होता. पारनाक्याला पोचेपर्यंत मात्र त्यांच्या लक्षात आलं की गप्प राहण्यासाठीसुद्धा मनात काहीतरी जोर लागतो, आणि तेवढा आपल्यात नाही.

उत्तरा मुलांच्या वह्या तपासत होती. त्यांनी टोपी काढून ठेवली, पट मांडला, तिला बोलावलं आणि सगळ्या चाली करून दाखवल्या. शेवटी राजाला आडवं करून ठेवलं.

उत्तरा पटाकडे पाहत राहिली. "म्हणजे दादाचा उंट बरोबर होता."

"बरोबर होता."

"मग त्याने घोडा मागे का घेतला? एवढं दिसलं त्याला, मग पुढचं का नाही दिसलं?"

तेव्हा त्र्यंबकरावांनी सांगितलं. आपण मागे उभे होतो, उंट दिल्यावर तोंडातून आवाज गेला, तो त्याने ऐकला असणार, म्हणून तो बिचकला. निकालपत्र वाचावं तसं त्यांनी हे सपाट आवाजात सांगितलं. उत्तराने ऐकून घेतलं, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण नजर देत नव्हती. सुमतीबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तर दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं. त्र्यंबकरावांना मुलीचा राग योग्य वाटला. तो आपल्याला लागावा असंही वाटलं, पण तोही काचेपलीकडून दिसावा तसा दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघताना ती दारात आली. वहीचं पान उघडून तिने त्यांच्यापुढे धरलं.

"आपण म्हणतो की तो बिचकला," ती म्हणाली. "समोर बसलेल्या माणसाला माहीत असेल. त्याला विचारून या."

त्या रविवारी त्र्यंबकराव बाळकुमला गेले. ठाण्याहून माजिवड्यापर्यंत टांगा केला, पुढे पायी. भात कापून झालं होतं, खाचरांत नुसते सड उभे होते, आणि खाडीकडून खारट वारा येत होता. गावात भोईरांची घरं पुष्कळ होती. छापखान्यातला गुणाजी म्हटल्यावर एका बाईने बोट दाखवलं.

गुणाजी ओटीवर बसून खाटेचा सुंभ आवळत होता. तिशीचा, काळासावळा, मिशी ठेवलेली. त्र्यंबकरावांनी नाव सांगितलं तेव्हा त्याला उमगलं नाही. आनंद टिपणीसचा बाप म्हटल्यावर तो ताडकन उठला, आतून घोंगडी आणून अंथरली, आणि आईला, शेवंतीबाईला, पाणी आणायला सांगितलं. आनंद गेल्याचं त्याला पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत कळलं होतं. घर माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काय म्हणून यायचं, असं तो म्हणाला.

त्र्यंबकरावांनी खिशातून वही काढली. बाराव्या चालीपासून पुढचं त्यांनी विचारलं. आनंदने वजीर बाहेर काढला असता तर तुम्ही काय केलं असतं?

"हत्ती सरकवला असता. दुसरं काय होतं?" गुणाजी म्हणाला. "आणि मात खाल्ली असती. त्यानं उंट दिला तेव्हाच मला घाम फुटला. मला तो डाव येत नव्हता, पण असं कुणी उगाच करत नाय हे कळत होतं. मग तो थांबला. मी म्हटलं, आता वजीर काढतो. तर त्यानं मागं बघितलं."

"मागे?"

"तुमच्याकडं. जरासं. मग घोडा घेतला मागं." गुणाजीने सुंभाचा तुकडा बोटाला गुंडाळला. "तुम्ही विचारलंत म्हणून बोललो."

शेवंतीबाईने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून ठेवला. त्र्यंबकराव पाणी प्यायले. ज्यासाठी आलो ते मिळालं, आता उठावं, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात गुणाजी म्हणाला, "पण त्याला नंतर कळलं सगळं."

त्र्यंबकरावांनी तांब्या खाली ठेवला.

डाव संपल्यावर दोघं बाहेर पडले तेव्हा गुणाजीनेच आनंदला चहाला नेलं होतं, तलावपाळीवरच्या एका दुकानात. जिंकलो तरी त्याच्या मनाला लागून राहिलं होतं, की समोरच्याने असा उंट दिला कशाला. आनंदने खिशातून कागदाचा पट काढून बाकावर पसरला, मोहऱ्यांच्या जागी भज्यांचे तुकडे आणि काड्या मांडल्या, आणि दोघांनी घोड्याच्या चालीपासून पुन्हा सुरू केलं. अर्ध्या तासात आनंदला ते सापडलं. आधी प्यादं खायचं, मग शह. सहा चाली. त्याने गुणाजीला दोनदा करून दाखवलं.

"हसत होता," गुणाजी म्हणाला. "हरलेला माणूस तसा हसताना मी नाय बघितला. म्हणाला, भोईर, मी तुमच्याकडून हरलो नाही, घोड्याकडून हरलो. पुढच्या वर्षी बघतो. मी त्याला विचारलं, वडील रागावून गेले ना, त्यांना हे दाखवशील का. तर म्हणाला, दाखवीन, पण आज नाही. आज घरी बोलणी बसतील ती खाऊन घेतो. आठवडाभर त्यांना माझ्यावर रागावू दे. राग उतरला की पट मांडीन नि दाखवीन. मग त्यांनाच आवडेल, म्हणाला, त्यांना चूक सापडलेली फार आवडते."

ओटीसमोरच्या खळ्यात कोंबड्या भाताचे दाणे टिपत होत्या. त्र्यंबकराव त्यांच्याकडे पाहत होते. आठवडाभर. आठव्या दिवशी ताप आला. म्हणजे त्या पायरीवर, वहाणा हातात धरून मान खाली घालून ऐकत होता, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. उंट बरोबर होता हे माहीत होतं, आपण कशाला बिचकलो हेही माहीत होतं, आणि तरी तो एक अक्षर बोलला नव्हता. त्र्यंबकराव इतकी वर्षं समजत होते की तो तासभर तोंड लपवून कुठेतरी तळ्याकाठी भटकत होता.

गुणाजीने विचारलं, बरं वाटत नाही का. त्र्यंबकराव म्हणाले, बरं आहे. त्यांना खरंच काही होत नव्हतं. छातीत दुखलं नाही, डोळे भरले नाहीत. फक्त उठून निघाले तेव्हा वही घोंगडीवरच राहिली, ती गुणाजीने उचलून त्यांच्या हातात दिली. गुणाजी त्यांच्याबरोबर माजिवड्यापर्यंत चालत आला आणि टांग्यात बसवून परत गेला.

घरी येऊन त्यांनी सुमतीबाईंना आणि उत्तराला समोर बसवून सगळं सांगितलं. "च्च"सुद्धा. सुमतीबाईंना डावातलं काही कळत नव्हतं, उंट आणि हत्ती यांत त्या नेहमी गोंधळत. उत्तरा रडली, पण ते रडणं पूर्वीसारखं नव्हतं. हसत होता हे तिने दोनदा विचारून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, "चहाबरोबर काय खाल्लं त्याने?"

त्र्यंबकरावांना सांगता येईना. भजी होती बहुतेक, ते म्हणाले.

"भजी खाल्ली, की नुसती मांडली?"

"मी विचारलं नाही."

"तुम्ही कशाला विचाराल," सुमतीबाई म्हणाल्या. रागाने नव्हे. साडेतीन वर्षांत त्या त्यांच्याशी इतकं सरळ पहिल्यांदाच बोलत होत्या. "त्यांना इकडे बोलवा. मी विचारते."

त्र्यंबकरावांनी कार्ड टाकलं. मधल्या आठवड्यात उत्तरा पुन्हा बोलायला लागली, पण नेहमीचं नाही. ती जेवताना मध्येच विचारायची, दादाने कागदाचा पट कधी केला होता, तो कोणाजवळ असेल. त्याचं नाव घरात पुन्हा निघायला लागलं. त्र्यंबकराव प्रत्येक वेळी तो आवाज यायची वाट पाहत. आवाज यायचा. मग त्याच्या मागून कधीकधी बाकावर मांडलेले भज्यांचे तुकडेही येत.

गुणाजी पुढच्या रविवारी दुपारी आला. धुतलेला सदरा, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. सुमतीबाईंनी त्याला चहा दिला आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या. त्या एकेक विचारत गेल्या आणि तो आठवून आठवून सांगत गेला. कांदाभजी होती. मोहरे म्हणून मांडलेली शेवटी दोघांनी खाल्ली, वजीर झालेलं सगळ्यात मोठं होतं ते आनंदने खाल्लं. चहा दोनदा घेतला. अंगात निळा सदरा होता, बाहीचं बटण तुटलेलं. सुमतीबाई म्हणाल्या, ते बटण मी लावणार होते. गुणाजी म्हणाला, त्याने बाही दुमडली होती, दिसत नव्हतं.

मग सुमतीबाईंचं विचारून संपलं. गुणाजी अवघडला. उत्तराने पट आणून मध्ये ठेवला आणि म्हणाली, एक डाव होऊ द्या.

त्र्यंबकराव पांढरे घेऊन बसले. जवळजवळ चार वर्षांनी ते खेळत होते. प्यादी सावकाश, मोहरे घरात, किल्लेकोट वेळेवर. आपलं काहीही फुकट जाणार नाही अशी त्यांनी मांडणी केली. बावीस-तेवीस चालींपर्यंत डाव बरोबरीत होता. मग गुणाजीने एक हत्ती दिला, त्र्यंबकरावांनी तो खाल्ला, आणि पाठोपाठ घोड्याचा असा शह बसला की राजा आणि वजीर दोघांवर एकदमच आला. वजीर गेला. त्यानंतर दहा चालींत खेळ संपला.

पूर्वी ते हरले की मोहरे भरून टाकत आणि थोडा वेळ कोणाशी बोलत नसत. हरलेला डाव पुन्हा मांडणं त्यांना नको वाटायचं. आनंद लहान असताना पुष्कळदा म्हणायचा, नाना, परत बघू या ना कसं झालं, आणि ते म्हणत, झालं ते झालं, पुढच्या वेळी लक्ष दे.

आता ते पटाकडे बघत बसले होते. हरल्याचं वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. त्यांनी गुणाजीकडे पाहिलं.

"मी कुठे चुकलो?" त्यांनी विचारलं.

गुणाजीला वाटलं, ते सहज म्हणाले. "हत्ती खायला नको होता," तो म्हणाला.

"ते मलाही कळलं. त्याच्या आधी?"

गुणाजीने थोडा विचार केला. मग त्याने मोहरे मागे मागे नेले, हत्तीच्याही आधी, पाच-सहा चाली मागे. तिथे त्र्यंबकरावांनी एक प्यादं पुढे टाकलं होतं. त्या वेळी त्यांना ती चाल चांगली वाटली होती, घर बंद करणारी. गुणाजी म्हणाला, तुम्ही तुमचं घर बंद केलंत, पण माझा घोडा त्या घरात यायला निघालाच नव्हता. तो दुसरीकडून येत होता. मी त्याच्या आधी दोन चाली घोडा हलवला, तेव्हा तो कुठं चाललाय ते तुम्ही पाहिलं नाहीत.

"पाहिलं नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

उत्तरा पुढे सरकून म्हणाली, इथे उंट आणला असता तर घोड्याला येताच आलं नसतं. गुणाजी म्हणाला, मग मी हत्तीने आलो असतो. उत्तरा म्हणाली, हत्तीला वाट कुठे आहे, दाखवा. गुणाजीने दाखवली. उत्तराने ती अडवली. दोघांचे हात पटावर एकमेकांच्या आडवे येऊ लागले, आणि त्र्यंबकराव हात मांडीवर ठेवून त्यांच्या बोटांकडे पाहत राहिले. मध्ये एकदा उत्तराने केलेली चाल त्यांना साफ चुकीची दिसली. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि तिला ती चाल पुरी करू दिली. दोन चालींनी तिची तिलाच ती चूक कळली.

दिवे लागायच्या सुमाराला गुणाजी उठला. सुमतीबाईंनी वालाच्या पिशवीत पोह्याचे लाडू भरून दिले आणि पुढच्या रविवारी या म्हणाल्या. पुढच्या रविवारी भाताची झोडणी आहे, त्याच्या पुढच्या रविवारी जमलं तर येतो, असं तो म्हणाला. त्र्यंबकराव त्याला पोचवायला स्टेशनपर्यंत गेले. फलाटावर गुणाजीने विचारलं, पुढच्या फेब्रुवारीत ठाण्याला स्पर्धेला नाव घालणार का. त्र्यंबकराव म्हणाले, मी नाही, उत्तराला विचारतो. बायकांना घेतात का ते मात्र बघायला हवं.

गुणाजी म्हणाला, घेतील. मी बोलतो त्यांच्याशी.